पावसाच्या आधी येणारा वारा

५ जुलै २०११ रोजी सायंकाळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरावर धुळीची एक भिंत चालून आली. भिंत हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. या धुळीची उंची दीड किलोमीटरहून अधिक होती, रुंदी सुमारे १६० किलोमीटर होती आणि तिचा पुढचा काठ खरोखरच उभा दिसत होता. काही मिनिटांत शहर अंधारले, विमानतळावरची उड्डाणे थांबली, हजारो घरांची वीज गेली. पाऊस मात्र नावापुरताच पडला.

टीव्हीवरील हवामान-निवेदकांनी या घटनेला 'हबूब' म्हटले, आणि त्यावरून स्थानिक वृत्तपत्रात वाचकांची रागाची पत्रे आली. आमच्या वाळवंटातल्या वादळाला अरबी नाव कशाला, असा त्यांचा सवाल होता. गंमत अशी की हेच लोक आपल्या या ऋतूला वर्षानुवर्षे बिनतक्रार 'मान्सून' म्हणत आले आहेत. मान्सून हाही अरबीच शब्द. अरबी समुद्रात गलबते हाकणाऱ्यांचा 'मौसिम', म्हणजे ऋतू, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि आपल्याकडे मोसमी वारे म्हणून स्थिरावला. तोच शब्द पुढे दोन महासागर ओलांडून निवडुंगांच्या देशात पोहोचला.

नावांचा हा वाद वरवर करमणुकीचा वाटतो. परंतु एखाद्या ऋतूची व्याख्या आपण कशी करतो, यावर लोक कशाची वाट पाहतात आणि कशाकडे दुर्लक्ष करतात, हे बऱ्याच अंशी ठरते. ॲरिझोनात या व्याख्येचा संबंध माणसांच्या जिवाशी आला. तो कसा, हे समजण्यासाठी आधी तेथील डोंगर, हवा आणि तिच्या अभ्यासाचा इतिहास पाहायला हवा.

दक्षिण ॲरिझोना हा सोनोरा वाळवंटाचा भाग आहे. हे वाळवंट मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात दूरवर पसरले आहे. वाळवंट म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. येथे तसे नाही. जमीन खडकाळ आहे, तिच्यावर सग्वारो नावाचे माणसाच्या सहासात पट उंच निवडुंग उभे आहेत आणि मैदानातून एकामागून एक डोंगररांगा वर आलेल्या आहेत. टूसॉन हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर आहे. शहराला लागूनच असलेल्या रांगेतील माउंट लेमन हे शिखर जवळजवळ २,८०० मीटर उंच आहे. टूसॉनला वर्षभरात साधारण २८ सेंटीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या कायम दुष्काळी तालुक्यांतही याहून जास्त पडतो. त्यातला सुमारे निम्मा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत येतो, आणि तो बहुतेक गडगडाटी वादळांतून येतो. सकाळी आकाश स्वच्छ असते. डोंगरउतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर चढू लागते, दुपारी बाराच्या सुमारास शिखरांवर पांढरे ढग दिसतात, तीन-चार वाजता गडगडाट सुरू होतो आणि संध्याकाळी वादळे दरीकडे उतरतात. रोज हाच क्रम. मात्र एका गल्लीत पूर आणि पलीकडच्या गल्लीत धूळ, असे येथे सर्रास घडते.

येथल्या जुन्या रहिवाशांना हा ऋतू शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. टोहोनो ओओधम लोकांचे वर्ष सग्वारोची फळे पिकण्याच्या वेळी, म्हणजे जूनच्या अखेरीस सुरू होते. फळांच्या रसापासून मद्य करून पाऊस मागण्याचा त्यांचा विधी आहे. ओढे जेथे पसरून मैदानात विरतात, अशा मुखांजवळ त्यांची शेते असत आणि दोनचार पुरांच्या पाण्यावर शेंगवर्गीय पिके काढली जात. नंतर आलेल्या स्पॅनिश भाषकांनी उन्हाळी पावसाला नुसते 'लास आग्वास', म्हणजे 'पाणी', असे नाव दिले. हिवाळ्यातल्या मंद, रेंगाळणाऱ्या पावसाला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता. २४ जून हा संत जॉनचा दिवस पाऊस सुरू होण्याचा दिवस मानला जाई. आपल्याकडे मृगाचे जे स्थान, काहीसे तेच.

हवामानशास्त्रज्ञांनी मात्र हा पाऊस बराच काळ सुट्या सुट्या वादळांचा पाऊस मानला. १९२३ साली डीन ब्लेक यांनी 'सोनोरा वादळे' या नावाने त्यांच्यावर लेख लिहिला, कारण ही वादळे मेक्सिकोच्या सोनोराकडून येताना दिसत. ही वादळे दर वर्षी ठरावीक काळातच का येतात, आणि त्यांना लागणारी वाफ कोठून येते, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर ऐरणीवर आले. १९५५ साली ब्रायसन आणि लाउरी यांनी जुलैच्या सुरुवातीला होणाऱ्या या अचानक बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे उत्तर होते मेक्सिकोचे आखात. अटलांटिकवरील उच्च दाबाचे क्षेत्र जुलैत पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या दक्षिण कडेने येणारे वारे आखातातील दमट हवा ॲरिझोनात आणतात, असे ते चित्र होते. अमेरिकेच्या पूर्व भागातला पाऊस या आखाताच्याच वाफेवर पडतो. त्यामुळे उत्तर पटण्यासारखे होते आणि पुस्तकांत गेले.

यात एक अडचण होती, आणि ती साध्या नकाशावरही दिसते. मेक्सिकोचे आखात आणि ॲरिझोना यांच्या मध्ये सिएरा माद्रे ही प्रचंड पर्वतराजी आडवी येते. हवेतली बहुतेक वाफ खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असते. ती एवढा डोंगर ओलांडून येणार कशी? सह्याद्री ओलांडताना मोसमी वाऱ्याची काय अवस्था होते, हे आपल्याला शिकवायला नको. १९६७ साली रासमुसन यांनी वातावरणातील वाफेच्या वहनाचे हिशेब मांडले. त्यांत वाफेचा एक प्रवाह कॅलिफोर्नियाच्या चिंचोळ्या आखातावरून उत्तरेकडे जाताना दिसला. १९७० च्या दशकात हेल्स आणि ब्रेनर यांनी दाखवून दिले की या आखातावरून दमट, तुलनेने थंड हवेचे लोट अधूनमधून वाळवंटात घुसतात. वाफ मेक्सिकोच्या आखाताची की पॅसिफिकची, असा सरळ प्रश्न हेल्स यांनी १९७४ च्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. आज सर्वसाधारण समज असा आहे की जमिनीलगतची वाफ मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या आखातावरून आणि पूर्व पॅसिफिकवरून येते, तर वरच्या थरांत मेक्सिकोच्या आखाताचाही वाटा असतो.

पण याला मान्सून म्हणावे का? रॅमेज यांनी १९७१ साली मान्सूनवरील आपल्या ग्रंथात काटेकोर निकष लावले. जानेवारी आणि जुलै यांतील प्रमुख वाऱ्याची दिशा निदान १२० अंशांनी बदलली पाहिजे, हा त्यांतला एक. त्यांच्या नकाशात मान्सूनचा प्रदेश ३० अंश पश्चिम ते १७० अंश पूर्व रेखांशांमध्ये मावला. ॲरिझोना अर्थातच बाहेर पडले. लोकांनी मात्र शब्द सोडला नाही. १९९३ साली डग्लस आणि सहकाऱ्यांनी वायव्य मेक्सिकोकडे लक्ष वेधले. तेथे वर्षाच्या पावसापैकी सुमारे ७० टक्के पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. ॲरिझोनातला पाऊस ही या मोठ्या व्यवस्थेची केवळ उत्तरेकडची झालर आहे, असे चित्र त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर 'उत्तर अमेरिकी मान्सून' हे नाव रूढ झाले आणि २००४ च्या उन्हाळ्यात त्याच नावाने अमेरिका व मेक्सिको यांची मोठी संयुक्त निरीक्षण मोहीमही झाली.

झालर असल्याचा एक परिणाम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. झालरीवर वाफ कमी पडते, आणि वाफ कमी असली की ढगांचा तळ फार उंचावर जातो. याचे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होते, तर तिचा दवबिंदू दर किलोमीटरला सुमारे २ अंशांनी उतरतो. म्हणजे दोघांतले अंतर किलोमीटरला ८ अंशांनी मिटते. जमिनीवरील तापमान आणि दवबिंदू यांच्या फरकाला १२५ ने गुणले की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये मिळते. जुलैत मुंबईचे तापमान २९ आणि दवबिंदू २५ धरला तर उत्तर येते ५०० मीटर. फीनिक्सचे तापमान ४० आणि दवबिंदू १३ धरला तर जवळजवळ ३,४०० मीटर. जूनअखेरीस दवबिंदू याहूनही खाली असतो आणि तळ आणखी वर जातो.

एवढ्या उंचीवरून निघालेला पाऊस जमिनीवर पोहोचतो का? पुष्कळदा नाही. ढगाखाली राखाडी झिरमिळ्या लोंबताना दिसतात आणि अर्ध्यावरच विरून जातात. पाहणारा म्हणतो, हुलकावणी दिली. वास्तविक खेळ येथेच सुरू होतो. एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २,५०० ज्यूल उष्णता लागते. ती आसपासच्या हवेतून घेतली जाते, आणि एक किलोग्रॅम हवा त्यामुळे सुमारे अडीच अंशांनी थंड होते. चार ग्रॅम पाणी आटले तर दहा अंश. दहा अंशांनी थंड झालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा तीनएक टक्क्यांनी जड असते. ती खाली घसरते. या तीन टक्क्यांमुळे मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तिसाव्या भागाइतके, म्हणजे सेकंदाला सेकंदामागे एकतृतीयांश मीटर धरले, तर तीन किलोमीटर घसरल्यावर वेग येतो सेकंदाला सुमारे ४५ मीटर, ताशी १६० किलोमीटर. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा मिसळल्याने वेग बराच कमी राहतो.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की खाली येताना हवा दाबली जाऊन तापते, मग तिचे जडपण टिकते कसे? प्रश्न रास्त आहे. वाळवंटातल्या दुपारी भोवतालची हवाही खालच्या तीन-चार किलोमीटरांत किलोमीटरला दहा अंशांच्याच दराने खाली खाली तापत गेलेली असते. उतरणारी हवा ज्या दराने तापते त्याच दराने भोवताल तापत जातो आणि फरक तसाच राहतो. वाटेत थेंब आटत राहिले तर तो वाढतोसुद्धा. एकूण, कोरडेपणा जितका अधिक तितका पाऊस कमी आणि वारा जास्त.

जमिनीवर आदळल्यावर ही हवा चहूकडे पसरते. तिच्या पुढच्या काठाशी धूळ उचलली जाते आणि भिंत तयार होते. सुदानमध्ये खार्टूमला हेच दिसते, आणि सटन यांनी १९२५ सालीच तेथल्या हबूबांवर लिहिले होते. फीनिक्सवर जुलै १९७१ मध्ये आलेल्या अशाच एका धूळवादळाचा अभ्यास करून इड्सो, इन्ग्रॅम आणि प्रिचर्ड यांनी १९७२ साली लेख लिहिला, त्याचे नाव 'एक अमेरिकी हबूब'. म्हणजे २०११ च्या पत्रलेखकांना नवा वाटलेला शब्द त्यांच्याच गावाच्या वादळासाठी चाळीस वर्षे छापील होता.

वादळाच्या पोटातून असा झोत खाली येतो, हे सिद्ध करण्याचे मोठे श्रेय तेत्सुया फुजिता यांचे. ऑगस्ट १९४७ मध्ये जपानमधील सेबुरी डोंगरावरच्या वेधशाळेतील नोंदींवरून त्यांनी वादळातल्या खाली येणाऱ्या प्रवाहाचा अंदाज बांधला. अमेरिकेत त्याच सुमारास बायर्स यांच्या नेतृत्वाखाली विमाने, रडार आणि भरपूर पैसा लावून वादळांचा प्रकल्प चालू होता. फुजितांनी आपला लेख बायर्स यांना पाठवला आणि पुढे १९५३ साली ते शिकागोला गेले. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ उतरताना एक प्रवासी विमान कोसळले, ११३ माणसे गेली. फुजितांचा निष्कर्ष असा की विमान अशाच एका जोरदार झोतात सापडले होते. पुष्कळांनी तो मानला नाही. दुबळा होत जाणारा प्रवाह जमिनीजवळ इतका जोर धरूच शकत नाही, असा आक्षेप होता. १९८२ साली कोलोरॅडोतील डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार लावून निरीक्षणे झाली. ८६ दिवसांत १८६ 'मायक्रोबर्स्ट', म्हणजे अतिशय लहान क्षेत्रावर कोसळणारे झोत, नोंदले गेले. कोरड्या, उंच तळाच्या ढगांखालचे झोत त्यांत भरपूर होते. वाद तेथे मिटला. विमानतळांवर अशा झोतांचा इशारा देणारी यंत्रणा पुढे उभी राहिली ती याच कामातून.

विमानाची सोय झाली. जमिनीवर डोंगरात आग विझवणाऱ्या माणसांची काय सोय?

ॲरिझोनात जून हा वर्षातला सर्वांत कोरडा काळ. गवत आणि झुडपे काडेपेटीसारखी झालेली असतात. अशा वेळी दमट हवेचा पहिला थर वरच्या अंगाने येतो, ढग होतात, वीज पडते, पाऊस पोहोचत नाही आणि वारा पोहोचतो. २५ जून १९९० रोजी विजेमुळे मोगोलॉन कड्याखालच्या जंगलात 'ड्यूड' या नावाने ओळखली जाणारी आग लागली. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, फीनिक्समध्ये १२२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५० अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. तो आजवरचा तेथला उच्चांक आहे. त्याच दुपारी आगीवर तयार झालेल्या ढगातून थंड हवेचा झोत कोसळला, आग सर्व दिशांना फाकली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. २८ जून २०१३ रोजी यार्नेलजवळच्या टेकडीवर पुन्हा विजेनेच आग लागली. ३० तारखेला दूरच्या वादळातून पसरलेला वारा तेथे पोहोचला आणि आगीचा रोख फिरला. वेगाने आलेल्या आगीत वीस जणांच्या तुकडीतील एकोणीस जण सापडले. विसावा टेहळणीसाठी दुसरीकडे होता. हवामान खात्याने असा वारा येत असल्याचा इशारा त्या दुपारी दोनदा दिला होता. माहिती होती, पण डोंगराच्या वळणात उभ्या असलेल्या माणसाला वारा कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या बाजूने येईल हे कळणे निराळे.

आता तारखांकडे पाहा. हवामान खात्याची ॲरिझोनातील जुनी व्याख्या अशी होती: फीनिक्सला सलग तीन दिवस दवबिंदू ५५ अंश फॅरनहाइट (सुमारे १३ सेल्सियस) किंवा अधिक राहिला की मान्सून आला. टूसॉनसाठी हाच आकडा ५४ होता. या हिशेबाने मान्सून सरासरीने जुलैच्या पहिल्या आठवड्यात येई. व्याख्या नेटकी होती. मोजता येणारी, वाद नसणारी. आम्हां संशोधकांना अशा व्याख्या फार आवडतात. परंतु ती ओलाव्याची व्याख्या होती. वर केलेले गणित पुन्हा आठवले तर लक्षात येईल की दवबिंदू कमी असतानाच, म्हणजे 'मान्सून अजून आला नाही' असे म्हटले जात असतानाच, ढगाखालचा झोत सर्वांत घातक ठरू शकतो. आगीचे ते दोन्ही दिवस जूनमधलेच.

२००८ साली खात्याने दवबिंदूचा नियम जाहीर वापरातून काढला आणि १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरावीक काळ मान्सून म्हणून घोषित केला. आज आला की उद्या, या चर्चेऐवजी लोकांनी वारा, वीज, धूळ आणि पूर यांच्या धोक्यांकडे लक्ष द्यावे, हे कारण देण्यात आले. अटलांटिकवरील चक्रीवादळांचा ऋतूही असाच तारखांनी ठरतो. काही अभ्यासकांना हे रुचले नाही. निसर्गाचा ऋतू कॅलेंडरने कसा सुरू होईल, हा त्यांचा आक्षेप शास्त्र म्हणून बरोबरच आहे. तरीही आमचे मत खात्याच्या बाजूने आहे. २०१२ पासून रस्ते विभागानेही दर उन्हाळ्यात धुळीत गाडी कशी थांबवावी याचा प्रचार चालवला आहे: रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद करण्याचे कारण चटकन सुचत नाही. धुळीत मागून येणारा चालक पुढच्या तांबड्या दिव्यांनाच रस्ता समजून त्यांच्यामागे येतो.

आपल्याकडे केरळात मान्सून पोहोचल्याचे ठरवण्याचे निकष आहेत. १० मे नंतर चौदा ठरावीक केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर पाऊस, शिवाय पश्चिमी वाऱ्यांच्या थराची जाडी आणि उपग्रहाने मोजलेले, बाहेर जाणारे प्रारण. वळवाचा पाऊस या हिशेबात बसत नाही, तो 'पूर्व' मोसमी. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात-फलक कोसळून सतरा जण दगावले, तो धुळीचा वारा याच जातीचा होता. फलक कसा उभा होता हा प्रश्न वेगळा, आणि तो हवामानशास्त्राचा नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी वर्गाच्या खिडक्या अचानक आपटू लागतात, अंगाला थंड झुळूक लागते आणि मातीचा वास येतो, पाऊस मात्र अजून दूर असतो, तेव्हा मुलांना तापमापक घेऊन व्हरांड्यात उभे करावे. काही मिनिटांत पारा किती उतरतो ते लिहून ठेवावे, आणि त्यावरून किती ग्रॅम पाणी आटले असेल त्याचा अंदाज करावा.

फीनिक्सचा २०२३ चा मान्सून कॅलेंडरप्रमाणे १५ जूनला सुरू झाला. ३० जूनपासून सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर गेले. जुलैअखेरीस वादळी वाऱ्याने शहराच्या परिसरात झाडे आणि विजेचे खांब पाडले. ३० सप्टेंबरला ऋतू संपला तेव्हा विमानतळावरच्या पर्जन्यमापकात साडेतीन महिन्यांचा मिळून ०.१५ इंच, जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस जमा झाला होता.